लाल रेघ

त्याच्या जुन्या ट्रकचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, सारखं हलायचं. संध्याकाळी लावून ठेवावं, तर सकाळी इंजिन ठोकायला लागायचं. धाकट्या भावानं तर टुमणंच लावलं होतं, "दादा, मोडीत काढ हे धूड." रात्रीतून कुणीतरी मुद्दाम टायमिंग हलवतंय असं त्याला वाटायचं, आणि त्याचा सगळा संशय भावावर. बायको तेवढी ट्रकच्या बाजूची.

त्या संध्याकाळी त्यानं कान लावून टायमिंग बसवलं, टायमिंगसाठी फिरवतात त्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट आवळला आणि बायकोकडून नेलपॉलिश मागून डिस्ट्रिब्युटरवरून थेट खाली इंजिनापर्यंत एक रेघ ओढली. कुणी तसूभर जरी फिरवलं, तरी रेघ तुटणार होती. "भाऊजींना कळू देऊ नका," बाटली परत घेताना बायको म्हणाली.

सकाळी इंजिन पुन्हा ठोकायला लागलं. त्यानं तरातरा जाऊन बॉनेट उघडलं. रेघ अखंड होती.

"म्हणजे कुणी हात लावलाच नाही. इंजिनच गेलं म्हणायचं," मागे उभी राहून बायको हळहळली. "विकून टाका आता."

तो वाकून बघतच राहिला. त्यानं ओढलेली रेघ वाकडीतिकडी होती. ही सरळ होती, आणि अंगठ्याला अजून चिकटत होती.