बारशाआधीची नोंद

थर्मामीटर टिणकन वाजला आणि दुपारच्या चिडीचूप घरात मृणालने तो लेकीच्या काखेतून काढून पाहिला. पालवीलाही साथीचा ताप चढला होता, सकाळपासून झोपून असलेल्या तिच्या जुळ्या बहिणीसारखा, ओवीसारखाच. रात्रीच्या आत डोस मिळाला तरच या तापातून मूल वाचायचं.

सकाळी ओवीचा चेहरा फोनला दाखवताच डोससाठी दवाखान्याची वेळ मिळाली होती. आता मृणालने पालवीला उठवून कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"नोंद जुळली," फोनमधला गोड आवाज म्हणाला. "हिची आजची वेळ ठरली आहे, ताई."

"अहो, ती ओवीची! ही पालवी. जुळ्या आहेत माझ्या!"

"तारीख एक, रक्त एक, चेहरा एक. जन्माच्या दोन्ही नोंदींत 'मृणालचं बाळ' एवढंच आहे. म्हणून काल आम्ही त्या एक केल्या."

बारशाआधी नाव सांगायचं नाही, म्हणून तेव्हा मृणालनेच ते लिहू दिलं नव्हतं.

"पण नंतर दोन नावं दिली ना?"

"एका बाळाला दोन नावं असतात, ताई. एक पाळण्यातलं, एक हाकेचं."

"कुणा माणसाशी बोलू द्या हो!"

"जुळलेल्या नोंदी माणसं उघडत नाहीत. एका रुग्णाला एकच डोस. काळजी घ्या."

फोन बंद झाला. पालवी पुन्हा बहिणीशेजारी शिरली आणि एका रजईत दोघी कुरकुरू लागल्या.

"सरक ना, तुझे पाय भाजतात!"

"तुझेच भाजतात!"

मृणालने दोघींच्या कपाळांवर एकेक हात ठेवला. ओवीने डोळे उघडले.

"आई, आमच्यातल्या कुणाला नेणार तू?"