ताप नाही, जेवले

त्या दुपारी पेज पिऊन झाल्यावर पप्पा म्हणाले, "लिही ऑलिव्हिया. डिनोला म्हणावं, नाताळची वाट बघू नको, आत्ता ये."

मस्कतमधल्या भावासाठी मी पप्पांच्या आजारपणाची एक ऑनलाइन फाईल ठेवली होती. रोजचा एक छोटा मथळा. त्याला वाचायला जड जाऊ नये म्हणून बाकीचं सगळं मथळ्याखाली मिटलेलं, शेजारच्या बाणावर बोट ठेवलं की उघडणारं. त्या दिवशीचा मथळा होता, 'ताप नाही, जेवले.' पप्पांचा निरोप त्याखाली. लगेच डिनोचा अंगठा आला.

"वाचलं ना त्यानं?" पप्पांनी विचारलं.

"हो पप्पा."

दुसऱ्या दिवशी पप्पा गेले.

दफनानंतर माजिवड्याच्या घरी डिनो शेजारच्या सुझाना आंटीला सांगत होता, "मी रोज वाचायचो आंटी. पप्पांनी एकदाही बोलावलं नाही मला." त्याने फोन पुढे केला. मथळे एकाखाली एक, सगळे मिटलेले.

"आणि हे बाण?" मी विचारलं.

"ते कशाला उघडायचे? वरच कळायचं ना सगळं."

मी शेवटचा बाण दाबून फोन त्याला परत दिला. त्याने ते वाचलं. मग हळूच म्हणाला, "पप्पा रागावले असतील ना गं माझ्यावर?"

 

"पप्पा नाही रागावले. तू निघालायस असं समजून गेले ते. रागावलेय ती मी."