एकाच कवितेचे अनेक कवी

ही कविता सात वर्षांच्या मुलीची आहे. ही फाशीच्या कैद्याची. ही यंत्राने जुळवलेली. ही इस्पितळाच्या भिंतीवर सापडली.

प्रयोगशाळेत रोज असं एखादं वाक्य ऐकवून शाल्मलीबाईंना तीच कविता वाचायला देत: ‘उंबऱ्याशी पाणी ठेवलंय, पाय धुऊन आत ये.’ मुलीच्या नावाने त्या हसल्या, कैद्याच्या नावाने शहारल्या. मग डोक्याला लावलेली यंत्राची पट्टी तेवढ्या तासाची आठवण पुसून टाकी.

आजचं वाक्य होतं, ‘ही तुमच्या दिवंगत यजमानांची.’

त्या बराच वेळ रडल्या. पट्टी लावणाऱ्या निनादला म्हणाल्या, “हे त्यांनी लिहिलंय, एवढं राहू दे मला.”

“मावशी, मंगळवारीही हेच म्हणालात. फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय, मी काकुळतीला आले तरी पुसा.”

“मग ती बाई मूर्ख होती.”

“सही तिचीच चालते, मावशी.”

पट्टी गुणगुणली. गाल ओले कशाने झाले, असं शाल्मलीबाईंनी त्याला विचारलं.

प्रयोगाच्या पहिल्या दिवशी ते पान नवऱ्याच्या वहीतून फाडून त्यांनीच आणलं होतं. त्याच्या नावाशिवाय कविता कशी वाटते हे त्यांना पाहायचं होतं, म्हणून सगळ्यात आधी ती त्याची असल्याची आठवणच पुसली गेली.