समानार्थी

मोहिनी नाशिक रोडला इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. एकेका क्रियापदाचे चार-चार अर्थ मुलांकडून घोकून घ्यायची. कळवणहून आईचा फोन आला, की मात्र तिला एकच क्रियापद सुचायचं.

"संक्रांतीला येशील का गं?"

"ट्राय करते, आई."

"बरं, आखाजीला तरी?"

"ट्राय करते."

एकदा आईनेच विचारलं, "मोहिने, ट्राय म्हंजे काय गं?"

"प्रयत्न करणं, खटपट करणं, धडपडणं," मोहिनीने सवयीने पाठ म्हणून दाखवला.

"अगं बया! मला वाटलं, 'जमायचं नाय'ला इंग्रजीत तसं म्हणतात," म्हणत आई खो खो हसली. मोहिनीही हसली, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आखाजीला ती गेली नाही ती नाहीच.

श्रावणात भावाचा फोन आला. आई दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं.

"आईच्या कानाला लाव मोबाइल," मोहिनी चप्पल पायात सरकवत म्हणाली. "आई, निघालेच बघ. मिळेल ती एसटी धरते. मी येईस्तोवर थांबशील ना गं?"

आईचा आवाज अगदी खोल गेला होता.

"ट्राय करते."