पांढरं पान

पान पुन्हा पांढरंच आलं. एक अक्षर नाही. आभानं फोन कानाशी धरूनच पुन्हा बटण दाबून पाहिलं. तेच.

"आभा, म्हातारी माणसं वरुणा गावाहून बस पकडून येतात," पलीकडून सुष्मा मॅडम बोलत होत्या. डोळ्यांच्या हॉस्पिटलचा सगळा कारभार त्या बघायच्या. "घरून ऑनलाइन नंबर लावलेला असतो. इथं आल्यावर कळतं, नंबर लागलेलाच नाही. परवा एक आजोबा पायरीवरच बसून राहिले. असं चाललं तर बंगळूरच्या शाखांचं काम मी तुम्हा दोघांना कसं देऊ?"

"आज नीट होईल, मॅडम."

दोघं म्हणजे आभा आणि कार्तिकेय. हॉस्पिटलची ही वेबसाइट दोघांनी मिळून बांधली होती. बंगळूरचं काम मिळालं की लग्न करायचं आणि बिऱ्हाड तिकडेच हलवायचं, असं ठरलं होतं. आजही तो तिकडे जागा बघायलाच गेला होता.

आभाला घोर होता तो अप्पांचा. आई गेल्यापासून बोगादीच्या या घरात दोघंच. पण अप्पांनीच तिला निर्धास्त केलं होतं. "सुम्ने, उगाच काळजी करत बसू नकोस. मला काय कुकर लावता येत नाही? येतो, अल्वा, हो ना?"

तिचे अप्पा, सुधींद्रराव, पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. आभा आणि कार्तिकेय दोघंही त्यांचेच विद्यार्थी. कार्तिकेयवर त्यांचा विशेष जीव. रविवारी तो जेवायला आला की अप्पा त्याला आग्रह करकरून वाढत. जेवण झालं की लॅपटॉप टेबलावर तसाच उघडा टाकून कार्तिकेय अप्पांसाठी कोपऱ्यावरून विडा आणायला जायचा. इतकं हे घर त्याचं झालं होतं.

"अजून पांढरंच का गं?" स्वयंपाकघरातून अप्पांनी विचारलं. कॉफीसाठी दूध तापत होतं.

"हो ना. आणि लॉगमध्येही काही नाही."

हेच तिला कळत नव्हतं. आतल्या चुका बाहेरच्या माणसाला दिसू नयेत म्हणून साइटचा सांगाडा, फ्रेमवर्क, त्या झाकून ठेवतं, ते ठीक. पण झाकलेल्या चुकीची नोंद लॉगमध्ये तरी होते. इथं लॉगही कोरा. तिनं आपल्या लॅपटॉपवरच्या प्रतीत सेटिंग बदललं, चुका उघड दाखव म्हणून सांगितलं. तरी पान पांढरंच.

"सेटिंगच्या नंतर कुणी तोंड बंद केलंय का बघ," अप्पा आतूनच म्हणाले. "सगळ्यात आधी जी फाईल चालते, ती उघड. लपवणारा बहुतेक दारातच लपवतो."

तिनं ती फाईल उघडली. अगदी तळाशी, बऱ्याच रिकाम्या ओळींच्या खाली, एक ओळ होती. कुठलीही चूक दाखवू नकोस, कुठं लिहूही नकोस, एवढंच सांगणारी. आभानं ती खोडली आणि पान पुन्हा उघडलं.

या खेपेला पडदा लाल अक्षरांनी भरला.

'थर्ड आय' नावाचा रकाना सापडत नाही.

तिला आधी हसूच आलं. हॉस्पिटलच्या नोंदीत डोळ्यांचे रकाने दोन, उजवा आणि डावा. पण साइटमध्ये घुसवलेली एक आज्ञा साठीच्या वरच्या प्रत्येक पेशंटसाठी तिसऱ्या डोळ्याचा रकाना शोधायला जात होती, आणि तो न मिळाल्यामुळे तिथंच कोसळत होती. असला रकाना कधी नव्हताच. हे चुकून होण्यासारखं नव्हतं.

"सापडलं?"

"सापडलं, अप्पा."

"मग कुणी घातलं तेही बघून घे. नाव असतंच, अल्वा?"

नाव होतं. दोन्ही बदल कार्तिकेयच्या नावावर, त्याच्याच लॅपटॉपवरून झालेले.

तिनं तिसऱ्या डोळ्याची आज्ञा काढून टाकली, साइट दुरुस्त करून चढवली, सगळं बंद केलं आणि त्याला फोन लावला.

"अगं, जागा मस्त आहे!" तो म्हणाला. "बाल्कनीसुद्धा आहे. अप्पांसाठी एक खोली निघते..."

"तू असं का केलंस?"

"काय केलं?"

"साइट तू पाडलीस. मुद्दाम. लग्न नको होतं तर तोंडानं सांगायचं होतंस."

"आभा, काय बोलतेयस? कुठली साइट? काय सापडलं तुला, वाचून तरी दाखव!"

"तुझंच लिहिलेलं तुलाच वाचून दाखवू?"

"मी काही केलेलं नाही. शपथ. मी आत्ता निघतो, थांब..."

"येऊ नकोस." तिनं फोन ठेवला आणि त्याचा नंबरही ब्लॉक करून टाकला. मग सुष्मा मॅडमना कळवलं: साइट चालू झाली आहे, पण बंगळूरचं काम आम्हाला जमणार नाही. कार्तिकेय आणि मी आता एकत्र नाही.

पाठवून झाल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

अप्पा कॉफीचे दोन पेले घेऊन बाहेर आले. एक तिच्यापुढं ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

"कार्तिकेयनं केलं, अप्पा," एवढंच ती म्हणाली.

काय सापडलं, ते तिनं सांगितलं नाही आणि अप्पांनीही विचारलं नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तिचा हुंदका ओसरेपर्यंत थांबले. मग तिच्या कॉफीवरची साय चमच्यानं बाजूला काढत मऊ आवाजात म्हणाले,

"रडू नकोस, पुट्टी. पेशंटच्या कपाळावर जो तिसरा डोळा शोधायला लावतो, त्याच्याबरोबर संसार कसला करणार होतीस?"