नळी काढल्यावर

धनसिंग मडावीच्या घशातली नळी निघाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तो खोकला, चार-सहा श्वास स्वतःच्या बळावर घेतले आणि छताकडे बघत पडून राहिला. डॉक्टर बिसेन यांनी त्याची छाती तपासली. दोन्हीकडे हवा नीट जात होती.

दरेकशाचा हा मजूर आठवड्यापूर्वी मण्यार चावून आला होता. बिसेन मूळचे सर्जन. गोंदियातल्या त्या दवाखान्याचा आयसीयूही तेच बघत. पोटाच्या ऑपरेशनला त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. सापाचं विष मात्र त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशीही धनसिंगच्या बाहुल्या टॉर्चच्या उजेडात आकसेनात, चिमटा काढला तरी बोट हलेना. तेव्हा खाटेशीच उभं राहून त्यांनी त्याच्या बायकोला, दुर्पताला, सांगून टाकलं की माणूस संपला आहे, नुसतं यंत्र छाती हलवतंय, घरी घेऊन जा. बाहेर अपघाताचा एक पेशंट यंत्रासाठी ताटकळत होता. तुझ्या हट्टापायी तो जाईल, असंही ते तिला म्हणाले. दुर्पतानं घरी नेण्याच्या कागदावर अंगठा दिला नाही. ती खाटेचा दांडा धरून खाली बसली ती उठलीच नाही. शेवटी त्या दुसऱ्या पेशंटला नागपूरला पाठवावं लागलं.

पाचव्या दिवशी धनसिंगची पापणी हलली.

आज सगळा वॉर्ड खुशीत होता. पेपरवाल्यांना बोलवू या, असं सिस्टर रंजिता म्हणत होती.

बिसेन यांनी सवयीनं विचारलं, "नाव सांगा."

"धनसिंग." आवाज फाटका होता.

"इथलं काही आठवतं?"

"सगळं."

थांबत थांबत तो सांगू लागला. डोळे उघडता येत नव्हते, पण कान चालू होते. चिमटा दुखला होता. पापणी वर ओढून टॉर्च मारला की उजेड आत रुतायचा. ओरडावंसं वाटायचं, जीभच हलायची नाही.

रंजितानं हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि ती दुसरीकडे बघू लागली. बिसेन यांचे कान तापले. हे विष माणसाला असं जिवंतपणी निपचित पाडतं, हे पुस्तकात होतं. पापणी हलल्यावर त्यांनी ते पान काढून वाचलं होतं. आधी वाचलं नव्हतं.

ते पायथ्याशी उभ्या असलेल्या दुर्पताकडे वळले. "बाई, माझी चूक झाली."

दुर्पतानं नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

बिसेन पुन्हा धनसिंगकडे वाकले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी यांना जे बोललो, तेही ऐकलं?"

"हो. मी मेलो म्हणून सांगून राहिले होते तुमी."

"राग आला असेल."

धनसिंगनं जरा विचार केला.

"राग कायले येईन, साहेब? तुमी एवढे मोठे डॉक्टर. मले वाटलं, मेल्यावर असंच आयकू येत असन."