अंबाडा छाप

"विक्रीचे आकडे दाखवा," कंपनीची वकीलबाई म्हणाली.

म्हाताऱ्याने खिशातून पुडकं काढून ट्रेडमार्क कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर पालथं केलं. केसांत खोचायचे आकडे. काळे, टोकाला जरा गंजलेले. पुडक्यावर एका बाईची पाठमोरी मान आणि मानेवर हा एवढा अंबाडा.

वकीलबाईला हसू आवरेना. "आजोबा, आकडे म्हणजे माल किती खपला ते!"

"तसले नाहीत. कारखाना बंद आहे."

"पाच वर्षांच्या वर झाली?" साहेबांनी विचारलं.

"झाली."

"मग छाप वापरात नाही. रजिस्टरमधून काढावी लागेल. यांच्या कंपनीला तशीच छाप हवीय."

तशीच! कंपनीला अंबाडा हवा होता. तो ज्या डोक्यावर होता ते डोकं म्हाताऱ्याशेजारच्या खुर्चीत रुमाल बांधून बसलं होतं, त्याच्याशी कंपनीला काय देणंघेणं? औषधांनी केस नेले, हे कुठल्या कलमात बसवणार? कायद्याला डोकं नसतं, कलमं असतात.

म्हातारा उठून उभा राहिला. "साहेब, कारखाना गेला, जाऊ द्या. धंदा नको मला. चित्र तेवढं राहू द्या. हिचा अंबाडा आता तिथंच उरलाय."

सगळ्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. वकीलबाई उगाच कागद सारखे करू लागली.

"अहो, बसा खाली," म्हातारी म्हणाली. "खोटं काय बोलले साहेब? नाहीच ना वापरात! आणि त्या चित्रात माझं तोंड तरी कुठंय? जन्मभर दुकानादुकानांतून लोकांना पाठ दाखवत उभी केलीत मला."

ती खळखळून हसली. साहेबही हसले. मग मान खाली घालून त्यांनी लिहिलं : छाप काढून टाकावी.

हसता हसता तिचा रुमाल मानेवर सैल झाला होता.

"हलू नकोस," म्हातारा म्हणाला. टेबलावरचा एक आकडा त्याने उचलला, शर्टाला घासून पुसला, टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि तिच्या मागे जाऊन रुमालाच्या गाठीत खोचला. अंबाडा असायचा, बरोबर तिथं.

"टोचतोय का गं?"

"नाही हो." तिने मान आणखी वाकवली. "पण एकानं कधी भागलंय का माझं? लावा अजून."